झुडपातून वर आलेला हात

"स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस?"

हे विचारताना काका उजव्या हाताचं बोट डोळ्याखाली लावून खालची पापणी जराशी ओढायचे. समोरचा काय सांगतोय याला महत्त्व नव्हतं. वेम्बलीला हापूसच्या पेट्या आल्यात म्हणा, रिंग रोडवर ट्रॅफिक तुंबलंय म्हणा, नाहीतर अमक्याच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणा, बोट डोळ्याखाली जायचंच. "नाही, ऐकलं," असं उत्तर आलं की ते मान हलवायचे आणि ती बातमी त्यांच्यापुरती संपायची. लोक आंबे खाऊन मोकळे व्हायचे, पण काकांच्या लेखी ते आलेलेच नसायचे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्यापुढे मोकळेपणाने गप्पा मारायची सोय नसते. काकू सांगायच्या, "माझा फोटो दाखवला तर म्हणे, हिला कुणी प्रत्यक्ष बघितलंय का? आणि कराडहून सांगलीला येऊन थेट आमच्या दारात उभे!"

"मग? फसलो का?" काका विचारायचे.

"तुम्ही नाही फसलात," काकू म्हणायच्या.

त्यात काकांचाही दोष नव्हता. उभा जन्म त्यांनी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत मोटारीच्या कारखान्यात रंगाची तपासणी करण्यात घालवला होता. पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटांच्या रांगेखालून नवी कोरी गाडी सरकत यायची आणि तिच्यावर कुठे पुटकुळी, कुठे ओघळ, कुठे केस अडकलाय ते डोळ्यांनी हुडकायचं. मग कारखाना बंद पडला. हाताशी पेन्शन आली, पण दिवसभर बघायचं काय हा प्रश्न उरला. तेव्हा ते घरामागच्या पार्कात येऊन आम्हाला बघायला लागले.

आम्ही म्हणजे सॉफ्टवेअरवाले. पुणे, ठाणे, नागपूर अशा ठिकाणांहून वर्क परमिटवर आलेले आणि रविवारी घर खायला उठायचं म्हणून पार्कात जमणारे. क्रिकेट खेळायची सोय नव्हती. कडक बॉलने खेळायला मनाई असल्याची पाटी फाटकावरच होती. आमच्या ऑफिसात एक अमेरिकन होता, त्याने पिशवीभर प्लास्टिकचे बॉल आणून दिले. पांढरे, हलके, एका बाजूला भोकं पाडलेले. त्याबरोबर काठीसारख्या पिवळ्या बॅटी. त्याच्या देशात या खेळाला विफल बॉल म्हणतात असं त्याने सांगितलं. त्या नावावरचे विनोद आम्ही पहिल्या आठवड्यातच करून संपवले.

हा बॉल मोठा गमतीचा असतो. कितीही जोरात मारा, फार लांब जात नाही, आणि वारा असेल तर हवेतच विचार बदलतो. कॉव्हेंट्रीत वारा नसतो असा रविवार मला आठवत नाही. त्यामुळे चांगला खेळणारा आणि वाईट खेळणारा यांत फरक राहत नसे. बायकाही खेळायच्या. मी नागपूरला असताना कधी मैदानात पाऊल टाकलं नव्हतं, इथे मात्र मी आमच्या टीमची मुख्य बोलर झाले.

पहिले काही रविवार काका बाकावर बसून नुसते बघत होते. शेजारी थर्मास आणि विणकाम घेऊन काकू. काकांच्या हातात चीजचा बॅच, म्हणजे आपला पाव, कॉव्हेंट्रीत त्याला बॅच म्हणतात. एकदा आउट की नॉटआउट यावर आमची जुंपली तेव्हा ते उठून आले. "मी बघितलंय. आउट," एवढंच म्हणाले आणि परत जाऊन पाव खायला लागले. पुढच्या रविवारी ते टीममध्ये होते.

ते कुणालाच नावाने हाक मारत नसत. मी नागपूर. आमचा सेक्रेटरी मंदार हा पुणे. सुहास ठाणे. "ऑलराइट, नागपूर?" अशी हाक पार्काच्या त्या टोकापासून यायची. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, मला आईवडिलांनी नाव ठेवलंय."

"ते पाठ करून काय करू? दोन वर्षांत तुम्ही जाता. गाव तेवढं फिरून परत येतं."

ते खोटं नव्हतं. प्रोजेक्ट संपलं की माणूस जायचा आणि त्याच कंपनीचा दुसरा माणूस त्याच फ्लॅटमध्ये, कधीकधी त्याच गादीवर येऊन झोपायचा. काकांना दर दोन वर्षांनी नवीन पुणे मिळायचं. "जुनं पुणं बरं होतं," असं ते नव्या पुण्याच्या तोंडावर सांगायचे.

आता त्या बोर्डाबद्दल सांगते. चार टीम झाल्या, लीग झाली, तेव्हा तो अमेरिकन म्हणाला, लीग म्हटली की हॉल ऑफ फेम हवा. आमच्या कम्युनिटी सेंटरमध्ये एक हॉल रविवारी दुपारी भाड्याने मिळायचा. काकांनी लाकडाचा बोर्ड केला, त्याला गडद हिरवा रंग असा दिला की त्यात तोंड दिसावं, आणि वर सोनेरी देवनागरी अक्षरांत "हॉल ऑफ फेम" लिहिलं. "हॉल भाड्याचा, फेम तेवढी आपली," असं म्हणून त्यांनी तो भिंतीवर टांगला. खाली नावांसाठी पेन्सिलीने बारीक रेघा आखून ठेवल्या होत्या.

पहिल्याच सभेत गोंधळ झाला. जो उठेल तो आपले पराक्रम सांगायचा, आणि एकेकाचा बॉल पार्काबाहेर, रस्त्यापलीकडे, चर्चच्या छपरावर गेलेला. आम्ही सगळे आयटीतले, आकडा फुगवायला कोण कमी! शेवटी काका उठले, बोट डोळ्याखाली लावलं.

"ज्यांनी डोळ्यांनी बघितलंय ते उभे राहा. तीन उभे राहिले तर नाव लागेल. नाहीतर नाही."

कुणासाठीच तिघं उभे राहिले नाहीत. तो नियम तिथल्या तिथे मंजूर झाला. दुसरा नियम अमेरिकनाचा होता: खेळणं सोडलेल्यालाच उमेदवार होता येईल. आणि तिसरी एक पद्धत आपोआप पडली. उमेदवाराने चर्चा चालू असताना बाहेर पोर्चमध्ये उभं राहायचं. निवड झाली तर आतून सगळ्यांनी त्याचं नाव घेऊन टाळ्या वाजवायच्या. नाही झाली तर तसं तोंडावर सांगायला आम्हाला जड जायचं. मग कुणीतरी दार उघडून म्हणायचं, "चहा झालाय."

चहा काकू करायच्या. हॉलला लागून स्वयंपाकघर होतं, मधल्या भिंतीत फळीची खिडकी. काकू आत, आम्ही बाहेर. सभा संपली की ती फळी वर व्हायची आणि आल्याचा वास यायचा.

काकांचा तो कॅच दुसऱ्या उन्हाळ्यातला. फायनल होती. बॉल टाकत होते मी, समोर मंदार. त्याने तो उंच उडवला. पार्काच्या कडेला काटेरी झुडपांची रांग आहे, बॉल तिच्या अलीकडे पडणार असं दिसत होतं, आणि काका त्याच्याखाली आरामात उभे होते. तेवढ्यात वारा आला. बॉल तिरका होऊन मागे निघाला. हा साठीकडे झुकलेला माणूस बॉलवरची नजर न काढता उलटा धावायला लागला. मी ओरडले, "काका, मागे काटे!" काकांनी एक हात वर टाकला, बॉल हातात शिरला, आणि पुढच्या क्षणी काका पाठमोरे झुडपात गडप झाले.

काही वेळ काहीच दिसेना. मग झुडपातून एक हात वर आला. खरचटलेला, रक्त आलेला, आणि त्यात पांढरा बॉल. आम्ही जे ओरडलो, त्याने बदकंसुद्धा तळ्यातून उठली. काकांना बाहेर काढलं तेव्हा स्वेटर फाटलेला, कानात पानं. ते पहिलं वाक्य बोलले ते असं: "बघितलंत ना?"

"बघितलं, काका, सगळ्यांनी बघितलं!"

त्या दिवशी ते जेवढे हसले तेवढे मी त्यांना परत हसताना पाहिलं नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामातली खोट शोधली, आणि हे एक आपल्या हातून बिनखोट झालं, असं काहीसं ते काकूंना म्हणाले. काकू त्यांच्या हातातले काटे काढत होत्या.

त्या वर्षी बोर्डवर नाव लागलं नाही, कारण ते अजून खेळत होते. तो एक चमत्कारिकच न्याय होता. बाकीचे खेळणं सोडायचे म्हणजे भारतात परत जायचे. निरोपाच्या आधी नाव लागायचं, फोटो निघायचा, डोळे भरून यायचे. काका ते नाव दोन दिवस खपून सोनेरी रंगात लिहायचे. जाणाऱ्याला फोटो मिळायचा, नाव इथे राहायचं. पण काका कुठे जाणार? त्यांचं सगळं इथेच होतं. आणि गुडघे तर ठणठणीत होते.

ते गुडघे तीन-चार वर्षांनी गेले. त्या शरद ऋतूतल्या सभेला काका इस्त्रीचा ब्लेझर घालून आले. कुणाला काही बोलले नाहीत, पण उमेदवारांची नावं विचारल्यावर त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला आणि न सांगताच पोर्चमध्ये जाऊन उभे राहिले.

"ज्यांनी पाहिलंय त्यांनी उभं राहा," अध्यक्ष म्हणाले.

मी उभी राहिले. सुहास उभा राहिला. मग आम्ही इकडेतिकडे बघायला लागलो. त्या दिवशी मैदानावर असलेले बाकीचे पुणे, हैदराबाद, टोरांटो असे पांगले होते. मंदार त्याच महिन्यात प्रोजेक्ट संपून परत गेला होता. हॉल माणसांनी भरलेला होता, पण सगळी नवी माणसं. त्यांना काका म्हणजे बॉलची पिशवी सांभाळणारे आणि अंपायरिंग करणारे गृहस्थ एवढंच माहीत. दोघांवर सभा थांबली.

दार मला उघडावं लागलं. काका पाठमोरे उभे होते, ब्लेझरची बटणं लावलेली.

"काका, चहा झालाय."

"हां, आलो," ते म्हणाले, आणि पायपुसण्यावर उगीचच बराच वेळ बूट पुसत राहिले.

पुढच्या वर्षी सुहासही गेला. मला तेवढी इथेच कायमची नोकरी मिळाली होती. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, मंदारला आणि सुहासला फोन लावू, आधी मंदारला. पुण्यात रात्र पडली होती, पण मंदारने उचलला. स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला.

"काकांचा ना? अरे, म्हणजे काय!" मंदार आनंदाने ओरडला. "जबरदस्त सिक्स होता तो! झुडपांच्या पार पलीकडे! मीच बॉलिंग करत होतो ना!"

हॉलमधले काही जण हसले. मी नाही हसले. मंदार लबाड नव्हता, त्याला काकांचं भलंच करायचं होतं. पण ज्या बॉलवर तो स्वतः आउट झाला तो बॉल त्याच्या डोक्यातून पार पुसला गेला होता, आणि त्याच्या जागी त्याने एक सिक्स बसवून टाकला होता. पोर्चचं दार पातळ होतं. मी ते उघडलं तेव्हा काका म्हणाले, "ऐकलं मी. पुणं बोललं." मग, "फोनवरचं आता कुणाचंच नको. चहा झाला असेल."

"काका, आम्ही सगळे हात वर करतो की," एक नवा सभासद चहा घेताना म्हणाला. "कोण बघतंय?"

काकांनी कप खाली ठेवला. ते आवाज चढवणारे नव्हते, पण त्या दिवशी चढला. "मग तो बोर्ड आख्खा पुसून टाका! यांची यांची नावं खरी लागलीत, ती कशाच्या जिवावर?" त्यांचं बोट बोर्डावरच्या एकेका नावावरून फिरलं. त्यातलं एकही माणूस आता कॉव्हेंट्रीत नव्हतं. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. काका मात्र दर वर्षी ब्लेझर घालून यायचे, दर वर्षी पोर्चमध्ये उभे राहायचे, आणि आत मी एकटी उभी राहून खाली बसायचे.

मला त्यांचा राग यायचा. कशासाठी हा अट्टहास, असं वाटायचं. प्लास्टिकचा बॉल, भाड्याचा हॉल, चार टीमची लीग. हे नाव लागलं काय नि न लागलं काय, रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कळणार नव्हतं.

मग मंदीचं वर्ष आलं. प्रोजेक्टं गेली, परमिटं वाढेनात, आणि रविवारी पार्कात एक टीम व्हायची मारामार. त्याच हिवाळ्यात काकांच्या छातीचं दुखणं निघालं. मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून पडले होते. काकू माझ्यासाठी म्हणून खाली चहा आणायला गेल्या.

काकांनी मला हाक मारली. नागपूर नाही, माझ्या नावाने. मला ते इतकं अनोळखी वाटलं की मी क्षणभर मागे वळून पाहिलं.

"काका, नाव पाठ आहे की तुम्हाला!"

"दुसरं गाव आता उरलंय कुठं," ते म्हणाले. श्वास लागत होता, त्यामुळे ते तुकड्या तुकड्याने बोलत होते. "एक विचारायचंय. तो बॉल. तू काटे म्हणून ओरडलीस ना?"

"हो."

"मी डोळे मिटले."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"काटे डोळ्यात जातील म्हणून. डोळे जपायची सवय जन्माची. उघडले तेव्हा खाली पडलेलो आणि बॉल हातात. हवेत धरला का जमिनीवरनं हाताला लागला, मला काय ठाऊक? मी बघितलंच नाही." त्यांचं बोट सवयीने डोळ्याखाली गेलं. "म्हणून म्हटलं, तिघं उभे राहिले असते, तर मला पण कळलं असतं."

इतकी वर्षं हा माणूस पोर्चमध्ये नावासाठी उभा आहे असं आम्ही समजत होतो. तो आपला खटला ऐकत उभा होता. मला तिथे रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"मी पाहिलंय, काका. बॉल आधी हातात आला. तुम्ही मग पडलात. अगदी स्पष्ट पाहिलंय."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं, ट्यूबलाइटखाली गाडी बघत असतील तसं. मग मान हलवली. "एक झाला," ते म्हणाले. "तीन लागतात."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि आम्ही दुसरं काहीतरी बोलू लागलो. त्यानंतरच्या आठवड्यात काका गेले.

लीगची शेवटची सभा हॉल परत करायच्या दिवशी झाली. आम्ही बोटांवर मोजण्याइतके होतो. काकूंना येऊ नका म्हटलं होतं, तरी आल्या आणि नेहमीसारख्या आत गेल्या. "सवय आहे हाताला," एवढंच म्हणाल्या. बोर्ड अजून भिंतीवर होता. शेवटच्या नावाखाली पेन्सिलीच्या रेघा रिकाम्या होत्या.

"आज तरी नियम बाजूला ठेवू," एक जण म्हणाला. "काकांचं नाव लावून टाकू."

कुणाचाच विरोध नव्हता. माझा जीव तर किती ओढत होता ते मलाच ठाऊक. पण मी म्हटलं, "त्यांना चालणार नाही." म्हणून मग रीतसर विचारलं गेलं. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलंय त्यांनी उभं राहा. मी उभी राहिले.

आणि खिडकीची फळी वर गेली.

"मी बघितलंय," काकू म्हणाल्या. त्या टॉवेलला हात पुसत होत्या. "बाकावर बसलेले मी. माझ्या अगदी समोर. बॉल हातात आला, मग हे गेले झुडपात."

मी म्हटलं, "काकू, तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"मला कोण विचारलं? बघितलेल्यांनी उभं राहा म्हणायचात. मी तर आत उभीच असायचे."

"पण घरी? काकांनी कधी..."

"नाही बाई. घरी तो विषय काढायचेच नाहीत. मला वाटायचं, माणसाला ठाऊकच आहे की आपण काय केलं ते. मी कशाला सांगू?"

त्यांनी हे अगदी साधेपणाने म्हटलं. काकांनी डोळे मिटले होते हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते आता मी त्यांना सांगणार नव्हते. पण मला काकांच्या नावाची ती पहिली सभा आठवली. मी उभी, सुहास उभा, काका पोर्चमध्ये ब्लेझर घालून. आणि तिसरी साक्ष फळीच्या आड चहा गाळत होती.

काकू हॉलमध्ये आल्या आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या फळीच्या या बाजूला पहिल्यांदाच आल्या असतील. बाकीचे खुर्च्यांवर बसून होते, खाली मान घालून. काकूंनी बोर्डाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मग माझ्या दंडाला धरून मला खाली बसवलं.

"दोनच," त्या म्हणाल्या. "चला, चहा झालाय."